सोळावी चौकट

"अगं, जरा लांब उभी राहा. काचेवर वाफ धरते," शिक्केमास्तर बायकोवर खेकसला.

ती दोन पावलं मागे सरकली. तिला तसंही जवळ जायचं नव्हतं. जुना कागद, जुना डिंक, कोंदट हवा. प्रदर्शनाच्या सभागृहभर तोच वास. घरात तोच, पांघरुणाला तोच, त्याच्या बोटांनाही तोच. तीस वर्षांत तिला त्या वासाची सवय झाली नव्हती. किळस तेवढी वाढत गेली.

शिक्केमास्तर हे नाव त्याला तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या लोकांनी दिलेलं, आणि तो ते मिरवायचा. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन पाकिटं तो जमवायचा. नुसतं तिकीट नव्हे. अख्खं पाकीट, त्यावर तिकीट आणि तिकिटावर टपाल कचेरीचा शिक्का. खाणींच्या मागे उगवलेल्या आडगावांचे शिक्के म्हणजे तर जीव की प्राण. आतल्या पत्राशी मात्र त्याला देणंघेणं नव्हतं. पत्राने पाकीट फुगतं, वहीत नीट बसत नाही, म्हणून तो चिमट्याने पत्र उपसायचा आणि रद्दीत टाकायचा. पाकीट कुणी उघडलेलंच नसेल तर ते तसंच बंद ठेवायचा. कड फाटली की पाकिटाचा मान गेला, म्हणायचा. एकाच शिक्क्याची जास्त पाकिटं आली तर सगळ्यात चांगलं एक ठेवायचं आणि बाकीची दुसऱ्या कुणाला बदल्यात देऊन टाकायची, हा त्याचा नेम.

ती शाळेत इंग्रजी शिकवायची. एकदा तिने रद्दीतून तसलं एक पत्र उचलून वाचलं. कुणा आईने खाणीवर गेलेल्या मुलाला लिहिलेलं. दोन ओळी तरी लिही रे, वाट बघतेय, एवढंच.

"पुढे काय झालं असेल हो यांचं?" तिने विचारलं होतं.

"मला काय करायचंय? शिक्का बघ, काय गोल उमटलाय!"

तिने ते पत्र घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं होतं. कारण तिचा स्वतःचा मुलगा घर सोडून गेला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

भांडण बापाशीच. पोराने टेबलावरची वही उचलून भिरकावली होती. "ही पाकिटं जिथून येतात ना, तिथेच जाऊन राहतो. मग तरी माझ्याकडे बघाल!" म्हणाला आणि गेला. आता सात वर्षं झाली. पत्ता नाही, खुशाली नाही. घरातला फोन शिक्केमास्तरच्या टेबलावर. उचलायचा तो त्यानेच. टपालही घरी यायचं नाही. पोस्टमन पाकिटं दुमडतो, म्हणून त्याने टपाल कचेरीतच पेटी घेतली होती आणि तिची किल्ली कायम त्याच्या खिशात. रोज संध्याकाळी ती दारातच विचारायची, "काही आलं का हो?" तो चपला काढता काढता म्हणायचा, "कुणाचं यायचंय?"

परीक्षक भिंग घेऊन शिक्केमास्तरची पाकिटं मांडलेल्या एकेका चौकटीशी वाकत पुढे सरकत होता. मागून शिक्केमास्तर, हात बांधून, मान तिरकी करून, उगीचच हसत. घरात वाघासारखा गुरगुरणारा हा माणूस एका पदकासाठी किती लाळघोटेपणा करतोय, हे बघून तिला आणखी शिसारी आली.

सोळाव्या, म्हणजे शेवटच्या चौकटीपाशी परीक्षक थांबला. वर १८५७ सालचं पिवळं पडलेलं पाकीट होतं. खाली एक पांढरं, कोरं करकरीत.

"वा! तेच गाव, तीच टपाल कचेरी, आणि शिक्का मागच्या महिन्यातला! पाकीट अजून बंदच? काय जपलंय हो!"

ती सहज पुढे वाकली. पाकिटावर तिचं नाव होतं. अक्षर डावीकडे कललेलं. ते सरळ व्हावं म्हणून तिने मुलाकडून त्याच्या लहानपणी पानंच्या पानं गिरवून घेतली होती.

काचेवर वाफ धरली.

"अहो, हे माझं आहे."

"हळू बोल, परीक्षक आहेत," तो दातओठ खात पुटपुटला. "तुझं नाव आहे म्हणून काय झालं? आलं एकदा. घरी गेल्यावर बोलू."

"एकच आलं?"

"एकच! आता गप्प बस, माझं पदक जाईल."

चौकटीला कुलूप नव्हतं, नुसत्या दोन खिट्ट्या होत्या. तिने त्या फिरवल्या, काच बाजूला केली आणि पाकीट काढून घेतलं. परीक्षक "अहो, अहो" करत राहिला. शिक्केमास्तरने तिचं मनगट पकडलं. त्या बोटांचा स्पर्श होताच तिने अंगावर पाल पडावी तसा हात झटकला.

"फाडू नकोस! उघडलंस की संपलं सगळं!"

तिने फाडलं. मुद्दाम शिक्क्याच्या बाजूने, वेडंवाकडं. आतला कागद काढला आणि रिकामं पाकीट त्याच्या छातीवर आपटलं. "घ्या. तुमचं तुम्हाला."

आणि तो खरोखरच तिथे उभ्या उभ्या फाटलेली कड जुळवून बघायला लागला. शी!

तिने त्याच्याकडे पाठ केली. कागदावर वरच्या कोपऱ्यात मुलाचा पत्ता होता. तो तिने दोनदा वाचला, पाठ होईपर्यंत. मग खालच्या मजकुराकडे वळली.

'आई, तू माझी पाकिटं उघडतसुद्धा नाहीस, तशीच बाजूला ठेवून देतेस, असं बाबांनी फोनवर सांगितलं. तरी हे सातवं पाठवतोय.'