मुकादमाला न कळलेलं

दाराला कान लावून नात कधीची उभी होती, आणि खोलीतून चकार शब्द बाहेर येत नव्हता. आत तिची आजी होती. आजीसमोर भोंगाआजी होती. टेबलावर रेकॉर्डर चालू होता.

भोंगाआजी म्हणजे आजीची कापडगिरणीतली जिवाभावाची मैत्रीण, शेजारच्या मागावरची. आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा, म्हणून हे नाव. संप लांबला, घरात नवरा आजारी पडला, तेव्हा एका सकाळी ती मान खाली घालून कामावर गेली. आजी तिला फाटकात सगळ्यांसमक्ष फितूर म्हणाली. तेव्हापासून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

नात गिरणीकामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करत होती. आजीने तिला सगळा संप सांगितला, एक गोष्ट सोडून. खात्यात मागांचा एवढा दणदणाट, की आपलाच खोकला आपल्याला ऐकू येऊ नये. शिवाय मुकादम डोक्यावर उभा. तरी संपाचा निरोप या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचला कसा?

"सांगून नाही कळायचं," आजी म्हणाली होती. "दाखवायला समोर विणकरीण लागते."

आता विणकरीण म्हणून उरली होती भोंगाआजीच, आणि तीही उद्या कायमची लेकाकडे परगावी निघाली होती. नातीने दोघींच्या नाकदुऱ्या काढल्या, त्यांना समोरासमोर बसवलं आणि आपली अडचण नको म्हणून बाहेर आली. खरं तर तिला रेकॉर्डिंगपेक्षा आजीची काळजी होती. हल्ली आजी झोपेतही मैत्रिणीला हाका मारायची.

भोंगा गप्प, म्हणजे सगळंच मुसळ केरात. नातीने हळूच दार ढकललं.

दोघी गुडघ्याला गुडघे लावून बसल्या होत्या. ओठ भराभर हलत होते, हात नाचत होते, आवाज मात्र औषधालाही नव्हता. आजीने मैत्रिणीचा हात धरला आणि स्वतःच्याच गालावर मारून घेतला. मग दोघी फिदीफिदी हसत सुटल्या. खोलीत उमटलेला तो पहिला आवाज.

"अगं, मोठ्यानं बोला की," नात म्हणाली. "यात एक शब्द आला नाही."

आजीने डोळे पुसत रेकॉर्डरकडे बोट केलं.

"त्या मुकादमाला काही कळलं नाही ना? तेव्हाही असंच नव्हतं कळलं."