रिकामा डबा

"आय लेन्ड यू माय डबा," विभावरीनं चौथ्यांदा म्हटलं. डबा नर्मदाच्याच हातात होता. परत काही येत नव्हता.

सदर बाजारातल्या शाळेत, इंग्रजीच्या तासाला बावन्न पोरं श्वास रोखून बसलेली. मागच्या बाकावर इन्स्पेक्टर साहेब. एवढे अवाढव्य की ते टेकल्यापासून बाक कण्हत होता. पूर्वी साहेब नागपूरहून यायचे, मराठीत दोन शब्द तरी बोलायचे. आता राजधानी हलली, तसे भोपाळहून येतात. तीन वर्षं कच्च्या नोकरीत काढलेल्या विभावरीला पक्कं करायचं की घरी धाडायचं, ते आज त्यांच्या पेनात होतं.

"लेन्ड यानी दिया, और वापस लिया. अब नर्मदा, गिव्ह इट बॅक."

नर्मदानं डबा पोटाशी धरला.

"दे ना गं!" विभावरी दात आवळून हळूच मराठीत म्हणाली. "काहून अडून राहिली?"

"रिकामा कसा देऊ, मॅडम? आई मारेल. उद्या काही घालून आणते."

"उद्या? साहेब आज बसलेत!"

विभावरीच्या कानातून अशी वाफ निघाली की अख्ख्या शाळेचा चहा झाला असता. आठ दिवस हा धडा घोकला होता. पेन होतं, छत्री होती, आपल्याला पितळी डबाच काहून सुचला? शेजारणीची वाटी ती स्वतः तरी चिमूटभर साखरेशिवाय कधी परत देत होती?

साहेबांनी घड्याळ पाहिलं. नर्मदानं दप्तरातून आपली गूळपोळी काढली. एकच होती. तिनं ती मधोमध मोडली, अर्धी डब्यात ठेवली, झाकण दाबलं.

"घ्या."

पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"मैडम, ये लेन्ड नहीं हुआ. बच्ची को बताइए, ग़लत किया."

नर्मदाचं तोंड एवढंसं झालं. सगळा वर्ग विभावरीकडे बघू लागला.

विभावरीनं डबा उघडला. साहेबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. साहेबांचं पेन कागदावर टेकून थांबलेलं.

"आईला सांग," ती सावकाश चावत नर्मदाला म्हणाली, "पोळी खुसखुशीत झाली होती."