तिसावं मशीन

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तपासणी अधिकारी दुसरा मजला चढून वर आल्या. नगरपालिकेच्या निधीवर चालणाऱ्या त्या शिवण-प्रशिक्षण केंद्रात तीस मशीनं होती, हजेरीपटावर तीस बेरोजगार मुलींची नावं होती आणि तीसच्या तीस मुली हजर होत्या. बाईंना नेमकं तेच खटकलं. आठ वर्षांच्या नोकरीत पूर्ण हजेरी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"ताप असो, पाहुणे असोत, आमची एकही मुलगी दांडी मारत नाही," व्यवस्थापक म्हणाला. "चहा सांगू? मागचे साहेब तर चहा गार व्हायच्या आत सही करून मोकळे झाले होते."

"नंतर."

काम साधं होतं. प्रशिक्षण सुरू होऊन तीन महिने झाले होते. मुली शिकताहेत असं बाईंनी लिहिलं की निधीचा दुसरा हप्ता सुटणार होता. नाही लिहिलं तर केंद्र बंद. त्यांनी प्रत्येकीसमोर कापडाच्या पट्ट्या ठेवायला लावल्या.

"दोन-दोन पट्ट्या जोडायच्या. पंधरा मिनिटांत होतील तेवढ्या."

"नवशिक्या आहेत हो, मॅडम. वाकडंतिकडं होणारच," व्यवस्थापकाने आधीच सांगून ठेवलं.

मशीनं सुरू झाली. खिडकीजवळची मुलगी शेजारणीकडे न बघता पुटपुटली, "वाकडं शीव ना गं. सकाळी सांगितलंय ना."

"शिवतेय की! हातच ऐकत नाही."

बाई मागच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. मशीनच्या आवाजात त्यांना हे ऐकू गेलं नाही. त्यांना दिसलं ते वेगळंच. सातव्या मिनिटाला खिडकीजवळचीने दहा जोड मोजले, कात्रणाने बांधले, वरच्या जोडावर खडूने आकडा टाकला आणि गठ्ठा मान न वळवता डाव्या हाताला खाली सोडला. मग तिच्या शेजारणीने. मग मागच्या रांगेने. गठ्ठे बांधा असं कुणीच सांगितलं नव्हतं.

बाईंनी खिडकीजवळचा गठ्ठा उचलला. शिवण फूटपट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ होती. वर आकडा होता सत्तेचाळीस.

"हजेरीपटावर नावं तीसच ना?"

"तीसच."

"मग ही सत्तेचाळीस नंबरची कोण?"

मशीनं एकेक करून थांबली. खिडकीजवळचीने बोटावरचा खडू मांडीवर पुसला.

"शिस्त, मॅडम," व्यवस्थापक म्हणाला. "मोजायचं, बांधायचं, नंबर टाकायचा. आत्तापासून सवय लावतो. उद्या कारखान्यात गेल्यावर अडायला नको."

"उद्या?" बाई म्हणाल्या.

"चहाचं बघतोच मी आता." तो बाहेर गेला. जिन्यावरून त्याचा फोनवरचा दबका आवाज येत राहिला.

बाई रांगेच्या शेवटी गेल्या. तिसाव्या मशीनखाली गठ्ठा नव्हता. तिथल्या मुलीने दोनच जोड केले होते, दोन्ही वाकडे, आणि तिसऱ्याखाली दोऱ्याचा गुंता झाला होता.

"कधीपासून येतेस?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि एवढंच येतं?"

मुलीने आधी दाराकडे पाहिलं. "मशीनवर आजच बसवलं, मॅडम. एरवी मी जमिनीवर बसून तयार मालाचे धागे कापते."

"यादीतल्या बाकीच्या मुली?"

"गेल्या सोडून. या पगारी कामगार आहेत. फुकट धागे कापायला कोण थांबतंय?"

"तू थांबलीस."

"सोमवारी प्रमाणपत्र देणार आहेत. ते दाखवलं की मोठ्या कारखान्यात मशीनवर घेतात. आई म्हणते, तीन महिने गेले ते गेले, कागद तरी घेऊन ये."

"आणि कारखान्याने मशीनवर बसवलं की काय करशील?"

मुलगी गुंता सोडवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही खरं लिहिलंत तर सोमवार काही येत नाही. हो ना?"

बाईंनी तिच्या वाकड्या जोडावरून बोट फिरवलं.

"का तुम्ही पण चहा घेणार?"

व्यवस्थापक चहा घेऊन आला. बशीत बिस्किटंही होती. बाईंनी कप खिडकीत सरकवला, खुर्ची ओढून तिसाव्या मशीनपाशी बसल्या आणि अहवालाचा फॉर्म काढला. तारीख लिहिली. हजेरी लिहिली. शेवटचा प्रश्न होता: प्रशिक्षणार्थी शिकत आहेत काय? पुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही.

"जेवणाची वेळ झाली, मॅडम," व्यवस्थापक म्हणाला. "मुलींना सोडू का?"

"सोडा. हिला राहू द्या."

"हिला? अहो, ही सगळ्यांत कच्ची. हिच्यावरून आमचं माप काढू नका."

"हिला राहू द्या म्हटलं ना."

एकोणतीस जणी उठल्या. जाताना खिडकीजवळचीने सवयीने आपला गठ्ठा उचलला, मग बाईंकडे पाहून परत खाली ठेवला.

खोली रिकामी झाल्यावर बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बॉबिन उलटी बसवलीयस. काढ ती. वरचा दोरा आधी ताण. असा नाही, असा. आता पायावर जोर नको देऊस, नुसता ठेव."

दुपारी व्यवस्थापक दारात दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याने गार चहाचा कप उचलून नेला.

साडेपाचला नगरपालिकेचं कार्यालय बंद झालं. त्या दिवशी जमा व्हायचा अहवाल तोपर्यंत पोचला नव्हता. फॉर्म तिसाव्या मशीनच्या फळीवर होता, दोन्ही चौकोन कोरे होते, आणि मशीन चालू होतं.