आतून लावलेली कडी

“टाकून द्या नळ्या, अक्का,” क्षमानं हातमोजे ओढून काढले. “संपलं सगळं.”

वसंताक्का जागच्या हलल्या नाहीत. प्रयोगशाळेतलं काचसामान धुण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. क्षमाची धडपड त्या चार महिने बघत होत्या. एक प्रथिन जिवाणूंना विषाणूपासून वाचवतं, असं तिचं म्हणणं. दर वेळी ती भरपूर विषाणू ओते, निकाल स्वच्छ दिसावा म्हणून. दर वेळी प्रथिनवालेच जिवाणू आधी मरत. उद्या अकरा वाजता प्रयोगशाळेचे प्रमुख उमाकांत सर हा विषय बंद करणार होते. आज साठा संपत आला, म्हणून प्रत्येक नळीत विषाणूचा एकच थेंब पडला होता. पाच वाजले तरी दोन्ही नळ्या, प्रथिनवाली आणि बिनप्रथिनाची, सारख्याच गढूळ.

“लावलेलं सकाळपर्यंत हलवू नये. घरी विरजण लावत नाहीस?”

“मी पाकिटातलं दही आणते.”

“तरीच!” म्हणत त्यांनी नळ्या उबेच्या पेटीत परत ठेवल्या.

पेटीचं दार लावताना त्यांचा हात नेहमीसारखा अडखळला. साठ वर्षांपूर्वी, जॉर्ज टाउनच्या घरात, त्यांच्या थोरल्या भावाला, गुंडोअण्णाला देवी आल्या होत्या. पहिला फोड दिसताच तो माडीवर गेला आणि त्यानं आतून कडी लावली. सात वर्षांची वसंता ताट घेऊन दार बडवत राहिली. त्यानं भातसुद्धा आत घेतला नाही. पाचव्या दिवशी दार फोडावं लागलं. घरात दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. पण आदल्याच दिवशी वसंतानं त्याची शाईची दौत फोडली होती. आपल्यावर रागावूनच तो गेला, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

सकाळी एक नळी पाण्यासारखी नितळ होती. त्यातलं सगळं मेलं होतं. दुसरी दाट गढूळ, जिवंत. क्षमानं नळीवरची चिठ्ठी दोनदा वाचली. जिवंत नळी प्रथिनवाली होती.

तिनं तिथूनच फोन लावला. “सर, विषय बंद करायचा नाही. अकराला नळ्या घेऊन येते.”

“म्हणजे तुझं प्रथिन मारत नाही?” वसंताक्कांनी विचारलं.

“मारतं, अक्का. पण ज्याच्यात विषाणू शिरला, त्यालाच. पेशी ज्यावर चालते ते इंधनच संपवून टाकतं. पेशी उपाशी मरते, विषाणू आतच अडकतो, शेजारचे वाचतात. मी इतका विषाणू ओतत होते, की वाचायला शेजारी उरतच नव्हते.”

वसंताक्कांनी गढूळ नळी खिडकीकडे धरली. बराच वेळ धरली.

“मग कडी रागानं नव्हती लावली त्यानं,” त्या म्हणाल्या.