शेजारची सीट

"सर, वूफर सीटखाली बसतो, सीटवर नाही," फिटर कळवळून म्हणाला. पण ड्रायव्हिंग शिकवणारे सर हटेनात. बायको गेल्यापासून गाडी खायला उठायची. कंपनीचे स्पीकर तिच्या बडबडीची जागा भरायला कुचकामी ठरले. दणदणाट हवा, तोही शेजारच्या तिच्याच सीटवर. फिटरने कपाळाला हात लावून वूफरचा जड डबा तिथे ठेवला. चावी फिरवताच गाडी बेल्टसाठी कोकलू लागली. "डब्याला माणूस समजतेय येडी!" म्हणत फिटरने बेल्ट डब्यामागून अडकवला. गाडी गप्प झाली. बायकोही अस्संच करायची. "मी काय तुमची विद्यार्थिनी आहे?" म्हणत अडकवलेल्या बेल्टला पाठ टेकून बसायची. अपघातात सर सीटवरच राहिले, ती काचेतून बाहेर गेली. सरांनी बेल्ट सोडवला, डब्याच्या पोटावरून नीट लावला. "गाणं कुठलं लावू, सर?" फिटरने विचारलं. "एवढंच तर करायचं होतं गं," सर डब्याला म्हणाले.