एक्केचाळीस सेकंद

घड्याळजींनी भिंतीला कान लावला आणि स्टॉपवॉचच्या बटणावर अंगठा ठेवला.

पलीकडे शेजाऱ्यांच्या महागड्या कनेक्शनवर मुलांच्या शर्यतीचा बार उडाला. घड्याळजींच्या टीव्हीवर मात्र ती मुलं अजून हातपाय झटकत उभी होती. इथला बार उडाला तसा त्यांनी काटा थेट मेहुण्याच्या नाकासमोर धरला.

"एक्केचाळीस सेकंद मागे! असलं घड्याळ मी दुरुस्तीलासुद्धा घेत नाही."

"अहो दाजी, निम्म्याहून कमी पैशात सातशे चॅनेल! आणि आजचा दिवस फुकट." इंटरनेटवर टीव्ही दाखवणारी ती डबी मेहुण्यानेच आणून जोडली होती. "भाची पळाली की ठरवा, वर्षाचं घ्यायचं की नाही."

"शेजारी जाऊन बघू या ना," बायको म्हणाली.

"माझ्या लेकीची अंतिम शर्यत मी माझ्या घरात बघणार."

मग मुलींची शर्यत लागली. दोन फेऱ्यांची. लेक पडद्यावर दिसली मात्र, तिघंही ताडकन उभी राहिली. घरात तिला भिंगरी म्हणत, पण पहिल्या फेरीला भिंगरी पाचवी. दुसऱ्या फेरीत कशीबशी चौथी. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि चित्र अडकलं. भिंगरीचा एक पाय हवेत, तो हवेतच.

नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून आरोळी उठली. "आली! आपली भिंगरी पहिली आली!"

बायको मटकन खाली बसली, हसायला लागली, रडायला लागली. मेहुण्याचा चेहरा मात्र पार उतरला. "माझंच चुकलं, दाजी. काढूनच टाकतो ही डबी."

"हात लावशील तर खबरदार!"

चित्र हललं. हवेतला पाय जमिनीवर पडला आणि भिंगरी सुटली. घड्याळजी गुडघ्यांवर बसले, नाक पडद्याला टेकायचंच बाकी. "पळ गं भिंगरे, पळ! ती पिवळीवाली दमलीय!"

"अहो, जिंकली ती!"

"कुठे? अजून शंभर मीटर आहेत!"

दारावर थापा पडायला लागल्या. सगळा मजला लोटला होता. "घड्याळजी, अभिनंदन! अहो, दार उघडा!"

"थांबा हो जरा!" घड्याळजी आतून ओरडले. "अजून दोघी पुढे आहेत!"