हवालदाराचा काळा शुक्रवार

हवालदार डुगनला मिळवायची होती ती फक्त अर्ध्या दिवसाची सुट्टी. रस्ते मोकळे दिसले तर दुपारी घरी सोडतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं. पण थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अख्खं फिलाडेल्फिया खरेदीला लोटायचं. म्हणून यंदा डुगनने आठवडाभर चर्चच्या पायरीवर, न्हाव्याकडे, शेजारणींच्या घोळक्यात, जो भेटेल त्याला घाबरवून सोडलं.

"आम्ही पोलीस त्याला काळा शुक्रवार म्हणतो, बायांनो! नुसती चेंगराचेंगरी! जीव प्यारा असेल तर घरी बसा."

शुक्रवारी सकाळीच चौक तुंबला. एवढी गर्दी त्याने जन्मात पाहिली नव्हती. शिट्टी फुंकून गाल दुखायला लागले, तेवढ्यात समोरच्या ट्राममधून त्याचीच गल्ली उतरली. सगळ्यांत पुढे बायको, लोरेटा.

"तू इथे? मी काय सांगितलं होतं?"

"तेच ऐकून तर आलोय आम्ही सगळ्या जणी. लोक जिवावर उदार होऊन जातात, म्हणजे माल मातीमोल भावात असणार. एवढी वर्षं इथे उभा आहेस, तुला कसं कळलं नाही रे?"

डुगनने कपाळावर हात मारला.

"कपाळ नंतर बडव," लोरेटाने हात पुढे केला, "आधी पाकीट काढ."